‘रेंज जातेय’ म्हणून फोन ठेवला, पण रेंज होती

पत्राचा गोषवारा : सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३७, बँकेत नोकरी. घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. गेल्या पावसाळ्यात वडील गेले, तेव्हापासून झोप उडाली आहे. मधूनच छातीत धडधडतं, काउंटरवर नोटा मोजताना हात थरथरतो. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी आणि थायरॉइड तपासून ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ असं सांगितलं. मैत्रिणीच्या ओळखीने पुण्यातल्या एका समुपदेशकांशी ऑनलाइन सत्रं सुरू केली. आठवड्यातून एकदा, ५० मिनिटं, १,२०० रुपये. सहा सत्रं झाली. घरात एकांत नाही म्हणून बँकेमागच्या मोकळ्या जागेत गाडी लावून, गाडीतच बसून बोलतात. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. नवरा म्हणतो, “नुसतं बोलायचे बाराशे?” नणंद म्हणते, “आजकाल कोर्स करून कुणीही समुपदेशक होतं, लायसन बघितलंस का?” ताई लिहितात, “त्या ऐकतात आणि प्रश्न विचारतात. उपाय काहीच सांगत नाहीत. मधेच खाली बघतात, तेव्हा लक्ष आहे की नाही तेही कळत नाही. पाचव्या वेळी त्यांनी विचारलं, बाबा गेल्यावर तुम्ही कुणाजवळ रडलात? मी ‘रेंज जातेय’ म्हणून फोन बंद केला. खरं तर रेंज होती. आता हे सोडून द्यावं का? की सोलापूरला कुणाकडे प्रत्यक्ष जावं?”

ताई,

आधी तुमच्या नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर देते. तिचा प्रश्न रास्त आहे, आणि मला येणाऱ्या पत्रांमध्ये तो सारखा येतो.

आपल्याकडे मनाच्या दुखण्यावर काम करणारी माणसं साधारण तीन प्रकारची भेटतात. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे एमबीबीएसच्या पुढे शिकलेले डॉक्टर असतात. तिघांपैकी औषध फक्त तेच लिहून देऊ शकतात. दुसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असावी लागते. त्या नोंदणीला सीआरआर नंबर असतो. तो विचारायला लाजू नका, परिषदेच्या वेबसाइटवर तो पडताळून बघता येतो. तिसरे समुपदेशक, आणि घोळ इथेच आहे. वकिलाला सनद लागते तसा ‘समुपदेशक’ ही पाटी लावण्यासाठी एकच एक परवाना आपल्याकडे आजवर नव्हता. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने जो कायदा केला, त्याच्या यादीत समुपदेशकांचाही समावेश आहे, म्हणजे नोंदणीची चौकट येते आहे. पण आज तुमच्या समोरच्या बाई कागद दाखवू शकल्या नाहीत, तर तेवढ्यावरून त्या तोतया ठरत नाहीत. तसंच सुंदर वेबसाइट आणि नावापुढची चार इंग्रजी अक्षरं एवढ्यावरून कुणी जाणकारही ठरत नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारा. शिक्षण काय आणि कुठून? समुपदेशनाचा प्रत्यक्ष सराव कुठे केला? आणि आज तुम्ही कुणाच्या देखरेखीखाली काम करता? तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चांगले समुपदेशक, अगदी वीस वर्षं काम केलेलेसुद्धा, आपल्या अडचणी नाव गाळून एखाद्या ज्येष्ठापुढे मांडत असतात. त्याला सुपरव्हिजन म्हणतात. शनिवार-रविवारच्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन बसलेल्या माणसाकडे या प्रश्नाला उत्तर नसतं. ज्यांच्याकडे असतं, ते हा प्रश्न विचारल्याने दुखावत नाहीत.

(परदेशातल्या वाचकांसाठी : अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो आणि सत्राच्या वेळी तुम्ही ज्या राज्यात बसलेले असता, तिथला परवाना समुपदेशकाकडे असावा लागतो. काही राज्यांनी आपसात करार केले आहेत, पण ते गृहीत धरू नका. मराठीत बोलता यावं म्हणून तिथे बसून पुण्याच्या समुपदेशकांशी बोलायचं असेल, तर हा मुद्दा पहिल्याच फोनवर काढा आणि अडीअडचणीला तुमच्या गावात कोण धावून येईल हेही ठरवा.)

आता तुमच्याकडे येते.

तुमच्या पत्रात तक्रारी पाच-सहा आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे गेला आहात. रेंज होती, तरी तुम्ही फोन बंद केला. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘त्या उपाय सांगत नाहीत’ असं तुम्ही ज्या बाईंबद्दल लिहिता, त्यांनी पाच बैठकांत तुम्हाला बरोबर त्या जागी आणून उभं केलं जिथे दुखतं आहे. तिथे हात लागला आणि तुम्ही उठून गेलात. प्रत्यक्षात समोर बसला असतात तर असं उठता आलं नसतं. पर्स उचलायची, दार उघडायचं, बाहेर बसलेल्यांसमोरून जायचं, एवढ्यात माणूस थबकतो. फोनवर लाल बटण अंगठ्याखालीच असतं. ऑनलाइन उपचारात मला खरी अडचण वाटते ती ही. तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही, सगळे फक्त नेटच्या स्पीडबद्दल बोलतात.

यात तुमचा काही गुन्हा झालेला नाही. आपल्या घरांमध्ये वडील गेल्यावर लेकीचं काय होतं ते मी पाहिलं आहे. दहावं, तेरावं होईपर्यंत ती आईला सांभाळते, आल्यागेल्याला चहा करते, भावाला कागदपत्रं शोधून देते. चौदाव्या दिवशी सासरी परत येते, तर इथे मुलांची चाचणी परीक्षा तोंडावर आलेली, बँकेत रजा संपलेली. सासरच्यांच्या लेखी दुःख माहेरी होऊन गेलेलं असतं. कुणी वाईट वागत नाही, पण कुणी विचारतही नाही. तुमच्या बाबतीत नेमकं असंच घडलं का, मला माहीत नाही. पण ‘कुणाजवळ रडलात?’ या प्रश्नाला ‘कुणाजवळच नाही’ असं उत्तर असेल, तर ते उत्तर मोठ्याने ऐकणं किती जड जाईल याची मला कल्पना येते. ते तुम्ही गाडीत, दुपारच्या सुट्टीत, पुन्हा काउंटरवर जाऊन बसायच्या अर्धा तास आधी टाळलंत, हे मला अगदी समजतं.

म्हणून सोडायचं की नाही हे ठरवायच्या आधी एक सत्र घ्या, आणि ते याच गोष्टीवर घालवा. मला जे लिहिलंत ते त्यांना सांगा. सुरुवात अवघड वाटेल म्हणून शब्द देऊन ठेवते : “मागे मी रेंज गेली म्हणाले होते. रेंज गेली नव्हती. तुमच्या प्रश्नाने मला भरून आलं आणि मी फोन ठेवला.” बोलवत नसेल तर सत्राच्या आदल्या दिवशी मेसेज करा. बाकीच्या तक्रारीही त्याच बैठकीत काढा. समुपदेशकाबद्दलची नाराजी समुपदेशकाला सांगणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं, कारण मोठ्या माणसांना आणि शिकवणाऱ्यांना आपण कधी असं सांगितलेलं नसतं. या खोलीत मात्र ती कामाची गोष्ट असते. त्या हे कसं घेतात त्यावरून तुम्हाला त्यांच्याबद्दल पदवीच्या कागदापेक्षा जास्त कळेल. शांतपणे ऐकून ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणाल्या, तर माणूस जाणता आहे. चिडल्या, स्वतःची बाजू मांडत बसल्या किंवा तुम्हालाच अपराधी वाटायला लावलं, तर खुशाल दुसरं कुणी शोधा.

उपायांचं म्हणाल, तर इथे मला तुमच्या अपेक्षेला थोडा धक्का लावायचा आहे. डॉक्टर गोळी देतात, वकील अर्ज लिहून देतात, तसं समुपदेशक काहीतरी ‘देतील’ असं आपण धरून चालतो. पण विचार करा, तुम्हाला सल्ल्यांची वाण आहे का? ‘मन गुंतव’, ‘प्राणायाम कर’, ‘बाबांचं वय झालंच होतं’ हे तुम्हाला गेल्या काही महिन्यांत किती जणांनी सांगितलं असेल. त्याने झोप आली नाही, म्हणून तर तुम्ही पुण्याला फोन लावलात.

तरीही तुमची तक्रार मी मोडीत काढत नाही. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं होतं की उपचार करणारा आणि घेणारा यांच्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात : कुठे पोचायचं आहे, त्यासाठी दोघांनी काय काय करायचं आहे, आणि एकमेकांवरचा विश्वास. तुमच्या पत्रात विश्वास थोडा का होईना दिसतो, नाहीतर तुम्ही सहा वेळा गेला नसतात. पण कुठे पोचायचं आहे, हे तुमच्या दोघींमध्ये ठरलेलं दिसत नाही. रात्रीची झोप हवी आहे? काउंटरवर हात स्थिर राहायला हवा आहे? की बाबांबद्दल कुणाशी तरी बोलता यायला हवं आहे? तिन्ही हवं असणारच, पण आधी काय ते तुम्ही सांगायचं आहे. आणि त्यांना सरळ विचारा की तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता. कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने जाणारे समुपदेशक ऐकण्यावर भर देतात, माणूस आपली वाट आपण शोधतो असा त्यांचा विश्वास असतो. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करणारे, आणि महाराष्ट्रात असे बरेच आहेत, तुमच्या मनातल्या ठाम समजुतींवर थेट बोट ठेवतात आणि घरी करायला गृहपाठ देतात. तुम्हाला हाताला काहीतरी काम हवं असेल तर तसं मागा. धडधड सुरू झाली की त्या क्षणी काय करायचं, हे तर शिकवता येतंच, आणि ते मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्या खाली बघतात, याबद्दल. फोनचा कॅमेरा वरच्या कडेला असतो आणि तुमचा चेहरा त्यांना पडद्याच्या मध्यभागी दिसतो. म्हणजे त्या नेमक्या तुमच्याकडे बघत असतात तेव्हाच तुम्हाला त्यांची नजर खाली वळलेली वाटते. शिवाय बहुतेक जण वहीत टिपणं काढतात. तरी अंदाज कशाला बांधायचा? विचारा. दुसऱ्या बाजूने, तुमचं त्यांना काय दिसत नाही तेही लक्षात घ्या. त्यांना तुमचा चेहरा आणि गळा दिसतो. स्टिअरिंगवर थरथरणारा हात दिसत नाही. तेव्हा ‘आत्ता माझा हात थरथरतोय’ हे तोंडाने सांगावं लागेल. रडू आल्यावर तुम्ही काही बोलत नाही, तेव्हा त्यांना चित्र अडकल्यासारखंच वाटू शकतं. ‘गप्प असले तरी मी इथेच आहे’ असं एकदा सांगून ठेवलंत तर त्या घाईने प्रश्न विचारणार नाहीत. आणि पडद्याच्या कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसतो ती छोटी चौकट बंद करा. स्वतःला रडताना बघत कुणाला मोकळं रडता येत नाही.

फोन खरोखरच कटला तर काय, हेही ठरवून टाका. कोण कुणाला फोन लावणार, किती मिनिटांनी, आणि व्हिडिओ चालला नाही तर साध्या कॉलवर पुढे बोलायचं का. त्याबरोबर एक वाक्य तुमच्यासाठी राखून ठेवा : “आज या विषयावर इथंच थांबू या.” हे म्हणता आलं की लाल बटणाची गरज उरत नाही.

जागेचा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतो. सोलापूरकडचा उन्हाळा मी सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता काचा लावून गाडीत ५० मिनिटं बसणं शरीराला झेपणारं नाही, आणि काचा उघडल्या तर बँकेचे शिपाईमामा दोन वेळा ‘मॅडम, काही हवं का?’ विचारून जातील. वेळ बदलून बघा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, त्या सकाळी एखाद्या मैत्रिणीची रिकामी खोली तासाभरासाठी मिळेल का? त्या मैत्रिणीला कारण सांगायची गरज नाही. मधले आठवडे साध्या कॉलवर, सकाळी फिरायला जाताना निवांत रस्त्याच्या कडेला बसूनही बोलता येतं. घरातूनच बोलायचं झालं तर दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावून ठेवला की आतले शब्द बाहेर स्पष्ट जात नाहीत. आणि बाईंशी एक खुणेचं वाक्य ठरवा. ‘कर्जाच्या फाइलचं नंतर बघू’ असं तुम्ही म्हणालात की कुणीतरी आलं आहे हे त्या ओळखतील आणि विषय बदलतील. सासूबाईंपासून हे कायम लपवून ठेवा असं मी म्हणत नाही, पण कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा, त्यांनी अवचित ऐकून कळू नये.

फोनचंही बघा. घरच्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सॲप उघडं राहिलेलं असतं का? ज्या खात्यातून पैसे जातात त्याचं पासबुक घरात कोण चाळतं? ही साधी छिद्रं असतात. समुपदेशकांकडे लेखी संमतीपत्र मागा. सत्र रेकॉर्ड होतं का, टिपणं कुठे ठेवतात, गुप्तता कोणत्या प्रसंगी मोडावी लागते हे त्यात असतं. मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचं बंधन घातलं आहे. समुपदेशकांच्या बाबतीत ते लेखी करून घेतलेलं बरं. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गुप्तता बाजूला ठेवावी लागते, हेही त्यांनी आधीच सांगितलेलं असावं. ॲपवरून सेवा घेणाऱ्यांनी तर जास्तच डोळे उघडे ठेवावेत. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या कंपनीवर ग्राहकांची आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ साली ७८ लाख डॉलरवर ते प्रकरण मिटलं.

बाराशे रुपयांचं. तुमच्या मिस्टरांचा प्रश्न मी हिणकस मानत नाही, महिन्याला जवळजवळ पाच हजार हे आपल्यासारख्या घरात दिसून येतात. त्यांना एवढंच सांगा की हे अमर्याद चालणारं नाही. ठरावीक पद्धतीने होणारे उपचार बऱ्याचदा ६ ते २० सत्रांच्या दरम्यान आटोपतात. तुम्ही आणि बाई मिळून बाराव्या सत्राला थांबून हिशोब करा : झोप किती वाढली, धडधड किती वेळा झाली. काही महिन्यांनी पंधरवड्यातून एकदा घेता येतं. फी कमी होईल का, हे विचारण्यात कमीपणा नाही, अनेक समुपदेशक काही जागा कमी फीसाठी ठेवतात. आणि मिस्टरांकडून पैशांपेक्षा वेगळीच मदत मागा. सत्राच्या वेळी त्यांनी आईंना देवळात किंवा बहिणीकडे घेऊन जावं. नवऱ्याने असं दार राखलं की त्याचा विरोधही हळूहळू ओसरतो, असं मला दिसलं आहे.

राहिला सोलापूरचा पर्याय. ऑनलाइन म्हणजे दुय्यम, ही समजूत सोडा. नैराश्य आणि चिंतेच्या तक्रारींसाठी व्हिडिओवरचा उपचार समोरासमोरच्या उपचाराइतकाच गुण देतो असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे. पण काही वेळा प्रत्यक्षच जायला हवं. जगू नये असे विचार येत असतील, घरात मारहाण होत असेल, दारू किंवा गोळ्यांची सवय लागली असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर पडद्यावर अवलंबून राहू नका. झोप अशीच राहिली तर तुम्हीही एकदा सोलापूरला सिव्हिलच्या किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञांना दाखवून या. औषध घेत असताना समुपदेशन चालू ठेवता येतं, किंबहुना दोन्ही मिळून बऱ्याच जणांना लवकर आराम पडतो. ज्या रात्री अगदीच सहन होणार नाही, त्या रात्री १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि पुण्याच्या बाईंकडे तुमचा पत्ता आणि मिस्टरांचा नंबर आहे का? दूर बसलेल्या समुपदेशकाने हे पहिल्या दिवशीच घ्यायला हवं. घेतलं नसेल तर तुम्ही द्या.

मनातलं सगळं सांगूनही दोन-तीन सत्रांत काही हललं नाही, तर बदल करा. त्यात कुणाचा अपमान नाही. फक्त न सांगता गायब होऊ नका. एक शेवटचं सत्र घ्या, आणि आजवर काय बोलणं झालं याचं थोडक्यात टिपण त्यांच्याकडून मागून घ्या, म्हणजे सोलापूरच्या नव्या माणसापुढे तुम्हाला बाबांच्या आजारपणापासून सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.